टॅग लावलेल्या माशाचा मार्ग मध्येच उडी का मारतो? फिल्टर लावण्याआधी काय तपासायचं

माशाला आवाज सोडणारा टॅग लावून त्याचा मार्ग काढणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच रूपात येते. मासा तासभर एका कोपऱ्यात घुटमळतो आहे, मग एका मिनिटात तीनशे मीटर पलीकडे दिसतो आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा मूळ जागी. नकाशावर मार्गाला जागोजागी टोकं फुटलेली असतात. त्यापाठोपाठ प्रश्न येतो: वेगाची मर्यादा किती ठेवू म्हणजे हे बिंदू गळतील?

माझं उत्तर असं की आत्ता एकही बिंदू गाळू नका. उडी हा बिघाडाचा सर्वांत उघड पुरावा आहे. जो दोष कधीमधी तीनशे मीटरची उडी दाखवतो, तोच उरलेल्या वेळी पाच-दहा मीटरची चूक करत असतो. वेगाचा फिल्टर मोठी चूक पुसतो, लहान तशीच ठेवतो आणि ती लहान चूक माशाचं वर्तन म्हणून अहवालात जाऊन बसते. मार्ग दिसायला स्वच्छ होतो, पण खरा होत नाही.

टॅग काही काळाने पिंग, म्हणजे आवाजाचा छोटा संकेत, सोडतो आणि पाण्यात ठेवलेलं प्रत्येक ऐकणारं उपकरण, म्हणजे रिसीव्हर, तो कधी ऐकला याची वेळ लिहून ठेवतो. एकच पिंग वेगवेगळ्या रिसीव्हरांनी किती वेळाच्या फरकाने ऐकला यावरून जागा काढायची, एवढंच हे गणित. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८२ मीटर जातो. म्हणजे एक मिलिसेकंद चुकला की दीड मीटर चुकलं. आपण अंतर मोजतोय असं वाटतं, पण मोजत असतो ती वेळ. त्यामुळे उडी दिसली की माशाकडे पाहण्याआधी घड्याळांकडे पाहायचं.

आधी रिसीव्हरांची मांडणी कोणती आहे ते बघा

रिसीव्हर एकमेकांपासून लांब असतील, एक पिंग सहसा एकालाच ऐकू जात असेल, तर तुमच्याकडे माशाची नेमकी जागा नसतेच. ‘अमुक वेळी या रिसीव्हरच्या टप्प्यात होता’ एवढंच असतं. इथल्या उडीची कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण खोट्या नोंदी. ६९ किलोहर्ट्झच्या पारंपरिक टॅगमध्ये ओळख क्रमांक स्पंदनांमधल्या अंतरांत दडलेला असतो आणि तो पूर्ण पाठवायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा टॅग बोलला की दोघांची स्पंदनं मिसळतात. बहुतेक वेळा रिसीव्हर असं मिश्रण नाकारतो, पण कधीतरी त्यातून तिसऱ्याच टॅगचा वैध क्रमांक तयार होतो. तो टॅग योगायोगाने तुमच्याच अभ्यासातला असला, तर चाळीस किलोमीटर दूरचा मासा इथे हजर झालेला दिसतो. म्हणूनच टॅगच्या दोन पिंगमधलं अंतर मुद्दाम अनियमित ठेवतात, म्हणजे एकदा धडकलेले दोन टॅग दरवेळी धडकत नाहीत.

यावर रूढ उपाय म्हणजे एकाकी नोंदी वेगळ्या काढणं. टॅगच्या दोन पिंगमधल्या सरासरी वेळेच्या ३० पट काळात त्याच रिसीव्हरवर त्याच टॅगची दुसरी नोंद नसेल, तर ती संशयित. १२० सेकंदांच्या टॅगसाठी ही खिडकी ३६०० सेकंदांची होते. नियम चांगला आहे, पण तो निकाल नाही. टप्प्याच्या कडेने झपाट्याने निघून गेलेला खरा मासाही एकच नोंद ठेवून जातो. म्हणून संशयित नोंदींना खूण करा, पुसू नका, आणि शेजारच्या रिसीव्हरांवर आगेमागे काय आहे ते स्वतः डोळ्यांनी बघा.

दुसरं कारण अगदी साधं, तरी पुन्हा पुन्हा गोंधळ घालणारं. दोन रिसीव्हर ८०० मीटरवर आहेत आणि दोघांचाही ऐकण्याचा टप्पा ५०० मीटर आहे असं धरा. दोघांच्या मधल्या माशाचा एकच पिंग दोघांनाही ऐकू येतो. नोंदींतला फरक समजा ०.१ सेकंद. आता रिसीव्हर ते रिसीव्हर अंतराला या वेळेने भागलं की माशाचा वेग सेकंदाला आठ किलोमीटर! मासा जागेवरून हललाही नाही. वेग तपासायचाच असेल तर रिसीव्हरांमधल्या अंतरातून दोन्हीकडचे टप्पे वजा करून उरलेलं अंतर घ्या. ते शून्याच्या खाली गेलं तर वेगाचा प्रश्नच उरत नाही. आणि टप्पा कायम एवढाच असतो असंही धरू नका. वारा, पाऊस, बोटींचा आवाज, उपकरणावर चढलेलं शेवाळ आणि शिंपले, पाण्यातले तापमानाचे थर यांनी तो दिवसागणिक कमी-जास्त होतो.

यापुढचं सगळं दाट मांडणीसाठी, जिथे एक पिंग तीन किंवा जास्त रिसीव्हर ऐकतात.

सेकंदाचे अपूर्णांक शाबूत आहेत का?

हे पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून पहिलं. रिसीव्हरची फाइल कुणीतरी ‘फक्त बघायला’ स्प्रेडशीटमध्ये उघडते आणि बंद करताना सेव्ह करते. स्प्रेडशीट पडद्यावर दाखवलेलंच रूप सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्ता-फाइलीत) लिहिते आणि सेकंदानंतरचे आकडे जातात. अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे सातशे मीटरहून जास्त. विश्लेषणाच्या प्रोग्राममध्येही हेच होऊ शकतं: वेळ आत पूर्ण असते, पण फाइलमध्ये लिहिताना पूर्ण सेकंदच उतरतो.

तपासायचं कसं? वेळेच्या स्तंभातून फक्त अपूर्णांक काढून त्यांचा आलेख काढा. ते शून्य ते एक यांच्यामध्ये सारखे पसरलेले दिसायला हवेत. एका रिसीव्हरचे सगळे शून्यावर बसले असतील तर रोग सापडला. मूळ फाइलवर परत जा. पूर्ण सेकंद एका स्तंभात आणि अपूर्णांक दुसऱ्या स्तंभात ठेवायची सवय लावली तर ही भानगड कायमची मिटते. त्याच बैठकीत वेळ-विभागही बघून घ्या. सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा. बरोबर पूर्ण तासाचा फरक दिसला तर बिघाड समुद्रात नाही, संगणकावर आहे.

घड्याळ सरकणं

उड्यांचं सर्वांत मोठं मूळ हेच, आणि इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

पाण्याखालच्या रिसीव्हरला जीपीएस मिळत नाही. तो आपल्या क्वार्ट्झ घड्याळावर चालतो. दहा लाखांत दहा भाग एवढी चूक ऐकायला क्षुल्लक वाटते, पण दिवसाला ती ०.८६ सेकंद होते आणि आवाजाच्या हिशेबात सव्वा किलोमीटरच्या वर जाते. उतरवताना आणि वर काढताना घड्याळ संगणकाशी जुळवून पाहतात आणि मधली चूक एका सरळ रेषेत वाटून टाकतात. खोली मोठी आणि पाण्याचं तापमान स्थिर असेल तर हे बऱ्यापैकी चालतं. उथळ पाण्यात चालत नाही, कारण घड्याळाची चाल तापमानाबरोबर बदलते.

साध्या ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्वार्ट्झचं उदाहरण घेऊ. ते २५ अंशांच्या आसपास बरोबर चालतं आणि तिथून जितकं दूर जाल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मागे पडतं. दर वर्ग-अंशाला दहा लाखांत सुमारे ०.०३४ भाग. १० अंशांवर ही चूक साधारण ७.७ भाग होते, ५ अंशांवर १३.६ भाग. म्हणजे पाणी पाच अंशांनी थंड झालं की घड्याळ रोज अर्धा सेकंद जास्त मागे पडू लागतं. सरळ रेषेने हे पकडता येणारच नाही. काही रिसीव्हरांत तापमानाची भरपाई करणारी घड्याळं असतात, त्यांचं सरकणं कमी असतं. पण मिलिसेकंदाच्या हिशेबात तेही पुरत नाही.

म्हणून सिंक टॅग लागतात: रिसीव्हरच्याच दोराला बांधलेले, जागा ठाऊक असलेले टॅग. हे टॅग अधूनमधून पिंग सोडतात, शेजारचे रिसीव्हर ऐकतात आणि अंतर माहीत असल्याने घड्याळांचा फरक काढता येतो. तुमच्या मांडणीत ते असतील तर माशाचा आलेख बाजूला ठेवा आणि आधी प्रत्येक सिंक टॅग-रिसीव्हर जोडीचा शिल्लक फरक, म्हणजे अपेक्षित आणि मोजलेल्या वेळेतलं अंतर, काळाच्या अक्षावर काढा. एका जोडीला एक आलेख. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं.

या आलेखात काय दिसतं? हळूहळू वर चढून एकदम खाली येणारे करवतीचे दात दिसले तर घड्याळ-दुरुस्तीचे कालखंड फार लांब ठेवलेत, ते लहान करा. मध्येच एक पायरी दिसली आणि पुढे तीच पातळी राहिली, तर ते रिसीव्हर रीस्टार्ट झालं किंवा त्याचा नांगर हलला. या दोन शक्यता वेगळ्या कशा करायच्या हे नीट बघू, कारण इथेच बरेच जण अडकतात.

समजा ‘अ’ आणि ‘ब’ हे रिसीव्हर २२२ मीटरवर आहेत आणि दोघांजवळ आपापला सिंक टॅग आहे. आवाजाचा वेग १४८० धरला तर प्रवासाला ०.१५० सेकंद लागायला हवेत. नोंदींत ‘अ’कडून ‘ब’कडे ०.१६२ आणि ‘ब’कडून ‘अ’कडे ०.१३८ दिसतात. बेरीज ०.३००, म्हणजे जाऊन-येऊन बरोबर. फरकाचा अर्धा ०.०१२, म्हणजे ‘ब’चं घड्याळ १२ मिलिसेकंद पुढे आहे. घड्याळाची चूक एका दिशेला जेवढी भर घालते तेवढीच उलट दिशेला कमी करते, म्हणून बेरजेत ती उरत नाही.

काही आठवड्यांनी तेच आकडे ०.१६६ आणि ०.१४२ झाले. फरकाचा अर्धा अजूनही ०.०१२, घड्याळ जागच्या जागी. बेरीज मात्र ०.३०८ झाली. आता दोनच अर्थ निघतात. एकतर दोघांतलं अंतर सुमारे सहा मीटरनी वाढलं, म्हणजे कुणाचा तरी नांगर ओढला गेला. किंवा पाणी इतकं थंड झालं की आवाज सेकंदाला १४४१ मीटरवर आला. दुसरं खरं असेल तर सगळ्याच जोड्यांची बेरीज त्याच प्रमाणात वाढलेली दिसेल. नांगर हलला असेल तर एकाच रिसीव्हरच्या जोड्या बिघडतील, आणि त्याही काही लांबलेल्या, काही आखडलेल्या. नांगर हलल्याचं ठरलं की त्या दिवसापासून त्या रिसीव्हरला नवी जागा द्या. जुन्या जागेवर घड्याळ ताणून बसवायचा प्रयत्न केलात तर एका बाजूचे मासे सुधारतील आणि दुसऱ्या बाजूचे बिघडतील.

चूक नेहमी उशिराचीच असेल तर

घड्याळ जुळलं, तरी उड्या आहेत. मग शिल्लक फरक कोणत्या बाजूला झुकतात ते बघा. साध्या गोंगाटाने चूक दोन्ही बाजूंना होते. प्रतिध्वनीने होत नाही. भिंतीवर, खडकावर, धक्क्यावर आपटून आलेला आवाज सरळ आलेल्यापेक्षा उशिराच पोचतो, लवकर कधीच नाही. बहुतेक बिंदू शून्याभोवती आणि एक शेपूट फक्त उशिराच्या बाजूला, असं चित्र दिसलं की प्रतिध्वनीच.

पाण्याच्या पृष्ठभागावरून येणारा प्रतिध्वनी लांब अंतरावर फारसा त्रास देत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मासा ५ मीटर खोल, रिसीव्हर ८ मीटर खोल आणि दोघांत २०० मीटर असतील तर परावर्तित वाट अवघी ४० सेंटिमीटर जास्त पडते. पण बाजूच्या उभ्या भिंतीवरून येणारी वाट सहज पन्नास-शंभर मीटर जास्त असू शकते. सरळ वाट एखाद्या उंचवट्यामागे किंवा दाट पाणवनस्पतींमागे झाकली गेली की रिसीव्हरला प्रतिध्वनीच तेवढा ऐकू येतो आणि उडी तयार होते. त्यामुळे या उड्या मासा ठराविक जागी असतानाच येतात. उडीच्या लगेच आधीच्या बिंदूंचा वेगळा नकाशा काढा. ते एखाद्या खडकाच्या आडोशाला गोळा झालेले दिसले तर कारण समोरच आहे.

याच्या उलट आणखी एक गंमत: मासा रिसीव्हरच्या अगदी जवळ असताना नोंदीच गायब होतात. शांत पाण्यात ताकदवान टॅगचे प्रतिध्वनी इतके जोरात परततात की रिसीव्हरला संकेत नीट वाचता येत नाही. जवळचा रिसीव्हर गप्प आणि लांबचे बोलताहेत, मग जागा वाईट निघणारच. पुढच्या वेळी टॅगची ताकद कमी ठेवणं हा त्यावरचा सरळ उपाय.

हातातल्या डेटासाठी उपाय म्हणजे उशिराची चूक गृहीत धरणारं मॉडेल. हेन्रिक बाक्टॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेली याप्स पद्धत जागा एकेक करून न काढता सगळा मार्ग एकदम काढते: मासा एका पिंगपासून दुसऱ्यापर्यंत फार दूर जाणार नाही हे धरते आणि अधूनमधून येणाऱ्या मोठ्या चुकांना जाड शेपटीच्या वितरणात, म्हणजे मोठी चूकही शक्य धरणाऱ्या हिशेबात, जागा देते. एक खोटी वेळ मग सगळ्या मार्गाला ओढून नेत नाही. पण घड्याळं आधी जुळलेली हवीत. न जुळलेल्या वेळा दिल्यात तर तीही सुबक आणि चुकीचा मार्ग देईल.

उडी नेहमी त्याच जागी जात असेल तर

मासा दोनच जागांमध्ये उलटसुलट होत असेल आणि त्या जागा रिसीव्हरांच्या रांगेच्या अल्याड-पल्याड समोरासमोर असतील, तर वेळेत चूक नाहीच. सरळ रांगेत लावलेल्या रिसीव्हरांना डावं-उजवं कळत नाही. दोन्ही बाजूंच्या आरशातल्यासारख्या जागांवरून वेळांचे फरक अगदी सारखेच येतात. नदीत एकाच काठाने रिसीव्हर लावले की निम्मे बिंदू जमिनीवर पडतात ते यामुळे. जमिनीवरचे बिंदू नकाशाच्या मदतीने पलटवता येतात. रांगेच्या दोन्ही बाजूंना पाणी असेल तर मात्र एक रिसीव्हर रांगेबाहेर हलवण्यावाचून गत्यंतर नाही.

रांग नसली तरी मांडणीच्या बाहेरच्या बाजूला चूक झपाट्याने वाढते, कारण तिथे वेळेतल्या जराशा फरकाने जागा खूप लांब सरकते. कडेच्या रिसीव्हरांना जोडणारी रेषा काढा आणि तिच्याबाहेरच्या बिंदूंवर वर्तनाचे निष्कर्ष उभारू नका. पोझिशनिंग सॉफ्टवेअर प्रत्येक जागेबरोबर चुकीचा जो अंदाज देतं, तो पुष्कळदा मीटरमध्ये नसतो, फक्त तुलनेसाठी असतो. तो मीटर समजून वापरणं ही फार वेळा दिसणारी गफलत. ठाऊक जागेच्या टॅगवर तो आधी पारखून घ्या.

आवाजाचा वेग

याने उडी येत नाही, पण कारण शोधताना मध्ये येतो. १० अंशांच्या गोड्या पाण्यात वेग सुमारे १४४७, २० अंशांत १४८२. एकच आकडा वर्षभर वापरलात तर ३०० मीटरच्या अंतर-फरकावर सात मीटर चुकतात. मांडणीच्या मध्यावर ही चूक जवळजवळ दिसत नाही, कडेला मार्ग फुगतो किंवा आखडतो. दोन-तीन खोलींवर तापमान नोंदवणारे लॉगर टाका. खारं-गोडं पाणी मिसळत असेल तर क्षारताही मोजा.

एवढं झाल्यावर फिल्टर

आता लावा. पण मर्यादा ठरवताना माशाची लांबी धरा. सेकंदाला एक-दोन शरीर-लांबी हा बऱ्याच माशांना दीर्घकाळ झेपणारा वेग असतो. घाबरून किंवा भक्ष्यामागे मारलेली झेप त्याच्या कितीतरी पट असू शकते. मर्यादा फार कडक ठेवली तर नेमके तेच क्षण जातात.

आणि एका स्थिर टॅगवर तुमची सगळी प्रक्रिया चालवून बघा. हे टाळू नका. समजा प्रत्येक अक्षावर चूक फक्त २ मीटर आहे आणि दर मिनिटाला एक स्वतंत्र जागा मिळते. मग लागोपाठच्या दोन बिंदूंत सरासरी साडेतीन मीटर अंतर पडतं आणि दिवसाच्या १४४० बिंदूंत जागचा न हललेला टॅग पाच किलोमीटर ‘पोहतो’. ‘मासा रोज सहा किलोमीटर हिंडतो’ असं लिहिण्याआधी हा आकडा हातात हवा. पिंग जितके दाट, तितकं हे खोटं अंतर जास्त.

हीच चाचणी गळून पडलेला टॅग किंवा मेलेला मासाही पकडून देते: त्याचे बिंदू स्थिर टॅगएवढ्याच वर्तुळात राहतात. मासा दुसऱ्याने गिळला असेल तर मात्र टॅग हिंडतच राहतो, फक्त चाल, खोली आणि दिवस-रात्रीची लय एका दिवसात बदलते. असा बदल दिसला तर त्या तारखेनंतरचा मार्ग वेगळा ठेवा.

तरीही उड्या राहिल्या आणि मदत मागायची वेळ आली, तर मार्गाचा नकाशा एकटा पाठवू नका. त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. रिसीव्हरांच्या जागा आणि खोली, सिंक टॅगचे शिल्लक फरक, तापमानाची नोंद, आणि एका उडीच्या आधीचे-नंतरचे पाच-पाच पिंग, प्रत्येक रिसीव्हरवरच्या पूर्ण वेळेसकट, एवढं द्या. त्या दहा पिंगांच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या की कोणता रिसीव्हर बाकीच्यांशी पटत नाही हे बहुधा तुम्हालाच आधी दिसेल.